उजवा पिंजरा

सकाळी साडेआठला विद्यापीठाच्या तळघरापाशी पोचले, तर दारात शे-दीडशे माणसं. कुणाची मान हलत होती, कुणाचे हात. कुणी चाकाच्या खुर्चीत, कुणी लेकीच्या खांद्यावर रेललेलं. सगळ्यांना आमचे उंदीर बघायचे होते.

या तळघरात आमची सामायिक प्रयोगशाळा आहे. कुठल्याही विभागाला उंदरांचा श्वास, झोप किंवा चाल मोजायची असेल तर त्यांनी वेळ ठरवून यायचं. यंत्रं आमची, प्रश्न त्यांचे. मी तिथली प्रमुख. एरवी इकडे कुणी फिरकत नाही. पण आदल्या दिवशी पेपरात छापून आलं होतं की आम्ही चमत्कार सिद्ध केला.

चमत्काराचे मालक थेंबबाबा. निळ्या बाटलीतले तीन थेंब जिभेवर घ्यायचे, की कंपवात पळाला! वरच्या कुणाच्या तरी ओळखीने ते आमच्याकडे आले आणि म्हणाले, "विज्ञानाने माझी परीक्षा घ्यावी." मी मनात म्हटलं, घेऊच. आपसूक उघडे पडतील.

जन्मापासून पाय थरथरणाऱ्या जातीचे वीस उंदीर घेतले. दहांना थेंब, दहांना साधं पाणी. अर्ध्या तासाने एकेकाला फिरत्या दांड्यावर ठेवायचं आणि तो किती सेकंद टिकतो ते यंत्राने मोजायचं. साध्या पाण्याचे उंदीर सरासरी एक्केचाळीस सेकंदांत खाली आले. थेंबांचे त्र्याण्णव सेकंद टिकले. मी आकडे तीनदा तपासले आणि मुकाट्याने अहवालावर सही केली.

आता बाबा पायरीवर उभे राहून तोच कागद फडकवत होते.

"माणूस खोटं बोलेल, उंदीर बोलेल का? या थेंबात सूर्याची सातवी लहर आहे. फार मानी लहर! रासायनिक गोळीच्या शेजारी ती बसत नाही. गोळ्या चालू असल्या तर थेंब रुसतो!"

थेंब रुसतो म्हणे. हसायचं सोडून लोक हात जोडत होते.

गर्दीतून वाट काढत आत आले, तर पिंजरे सांभाळणारे मामा वाटच बघत होते. तीस वर्षं इथे काम केलेला माणूस. मामींना नऊ वर्षांपासून कंपवात, दिवसातून चार वेळा गोळ्या.

"मॅडम, कालपासून हिच्या गोळ्या बंद केल्या."

"मामा, असं एकदम करू नका. जिवावर बेतेल. आधी डॉक्टरांना विचारा."

"पण मोजलंय तुम्हीच ना? कागदावर सही तुमची. मग तुमचाच विश्वास नाही होय?"

आकडे खोटे आहेत म्हणावं, तर ते माझ्याच यंत्राने दिले होते. "तरीही सुरू करा," एवढंच म्हणाले. ते मामांच्या गळी उतरलं नाही.

पाचव्या दिवशी मामी लाकडासारख्या ताठ झाल्या, अंगात ताप भरला. दवाखान्यात नेलं. मुलीला तिथे बसवून मामा उंदरांना पाणी द्यायला आलेच. त्यांना एकटं सोडवेना, म्हणून मी पहिल्यांदाच त्यांच्या शेजारी उभी राहिले.

पुढच्या प्रयोगासाठी त्याच जातीच्या नव्या वीस उंदरांची विभागणी करायची होती. मामांनी हात घातला. पहिला उंदीर कोपऱ्यात बसून होता, लगेच हाती लागला. दुसरा, तिसरा तसेच. ते सगळे डाव्या पिंजऱ्यात गेले. शेवटचे मात्र हाताला गुंगारा देत होते. त्यांची रवानगी उजव्या पिंजऱ्यात.

"मामा, चिठ्ठ्या टाकून नाही का वाटत?"

"चिठ्ठ्या कशाला? पहिले दहा डावीकडे, उरलेले उजवीकडे. पहिल्यापासून असंच."

मी कपाळावर हात मारला. जास्त आजारी उंदीर आधी हाती लागणार आणि त्यातल्या त्यात धडधाकट शेवटी. डावा पिंजरा आधीच हरलेला होता!

"आणि तेव्हा थेंब उजव्या पिंजऱ्याला द्यायचे, हे कुणी ठरवलं?"

"बाबांनी. प्रयोगाआधी दोन दिवस इथे बसून बघत होते. मला विचारलं, शेवटी सापडतात ते जास्त चपळ असतात का? म्हटलं, असणारच की." मामा बोलता बोलता थांबले. त्यांनी उजव्या पिंजऱ्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी काचेपलीकडे गर्दीला उभं केलं, बाबांनाही बोलावलं. मामांनी हाताने वाटलेल्या त्या दोन्ही पिंजऱ्यांना साधंच पाणी दिलं. तरी उजवा पिंजरा दुपटीने जिंकला. मग आणखी वीस उंदीर आणले. गर्दीतल्या एका बाईंनी चिठ्ठ्या काढल्या. बाबांच्याच बाटलीतले थेंब दहांना दिले, आणि कुणाला दिले ते मोजणाऱ्यालाही सांगितलं नाही. दोन्ही गटांची सरासरी साठ-बासष्ट सेकंद, उन्नीस-बीसचाही फरक नाही.

"अविश्वासाच्या खोलीत लहर शिरत नाही," बाबा म्हणाले.

"खोली तीच," मामा म्हणाले. "उंदीर त्याच जातीचे, बाटली तुमची, हात माझेच. काय बदललं ते सांगा."

बाबा तावातावाने निघून गेले. वाईट याचं वाटतं, की अर्धी गर्दी त्यांच्यामागे गेली.

दवाखान्यात मामींच्या गोळ्या पुन्हा सुरू केल्या होत्या, पण उशीर झाला होता. चार दिवसांनी मामी गेल्या.

मामा कामावर परतले त्या दिवशी पिंजरा धुता धुता त्यांनी विचारलं, "मॅडम, हे सगळं तुम्ही सही करायच्या आधी का नाही केलंत?"

"मला वाटलं, तुम्ही चिठ्ठ्या टाकता."

"मला कधी कुणी सांगितलंच नाही."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते पुढचा पिंजरा धुवायला घेऊन गेले.

त्या भोंदूला मी पहिल्या दिवशीच ओळखलं होतं. स्वतःच्या आकड्यांना मात्र एकही प्रश्न विचारला नाही. म्हणून हात जोडून सांगते, तुम्ही विचारा. कुणीही यंत्र, शिक्का, आकडा दाखवला, तरी औषध कुणाला द्यायचं हे कुणी ठरवलं ते विचारा. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय चालू गोळी थांबवू नका, समोरच्या कागदावर माझी सही असली तरीही.