नाडी पाहिल्यानंतर

मडिवाळप्पा वैद्याने नागम्माचं मनगट सोडलं आणि तिच्याकडे न बघता तिच्या सासूला सांगितलं, "हेण्णु."

मुलगी.

निंगव्वाने मान डोलावली, त्याच्यापुढे नारळ ठेवला आणि उठली. पोटातलं लेकरू काय आहे ते हा वैद्य नाडीवरून सांगतो, अशी भवानी पेठेतल्या बायकांची खात्री होती. १९७४ साल होतं ते. नागम्माला चौथा महिना सरत आला होता आणि घरी दोन मुली होत्या. टांग्यात नागम्मा पदराखाली पोटावर हात ठेवून बसली होती.

घरी आल्यावर सासू गोड वागू लागली, आणि नागम्माला त्याचीच जास्त भीती वाटली. निंगव्वा कधी तिच्या हातातली बादली घेत नसे. त्या दिवशी घेतली. भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवला. म्हणाली, "खा गं. अंगात ताकद पायजे आता."

दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीवर वेगळंच काहीतरी उकळत होतं. काळपट, कडू वासाचं. धाकटीची वेणी घालताना नागम्माला तो वास आला.

"काय हाय अत्ती?" तिने विचारलं. सासूला ती माहेरच्या कानडी वळणाने अत्तीच म्हणायची.

"काढा हाय. सोमवारपास्नं घ्यायचा. पोट मोकळं होतंय."

सोमवार दोन दिवसांवर होता.

दुपारी नळावर शेजारची रंभाबाई भेटली. रंभाबाई विड्या वळायची आणि या गल्लीत तिची हयात गेली होती. तिने नागम्माच्या घागरीमागे आपली घागर सरकवली आणि हळूच म्हणाली, "सकाळधरनं वास येतोय तुमच्या घरातनं. तुझ्यासाठी हाय का?"

नागम्माने आपली घागर नळाखाली नीट लावली.

"गंगव्वा कशानं गेली, तुला ठाव हाय?"

गंगव्वा म्हणजे नागम्माच्या नवऱ्याची, शिवपुत्रची, पहिली बायको. तिच्यामागे मूलबाळ नव्हतं. नागम्माला लग्नाच्या वेळी सांगितलं होतं, काविळीने गेली.

"कावीळ न्हवती," रंभाबाई म्हणाली. "तवाबी ह्योच वास येत हुता. तवाबी त्या मडिवाळप्पानं नाडी बघितली हुती. दोन दिस रगत थांबलं न्हाई. डाक्टरला बोलवू दिलं न्हाई तुझ्या सासूनं, बोभाटा हुईल म्हणून. तिची लुगडी मी धुतल्यात बाई, या हातांनी. मी तरी कुणाला सांगणार हुते?"

घागर भरून वाहू लागली तरी नागम्माला कळलं नाही.

ती तशीच ओल्या पदराने दुकानात गेली. शिवपुत्र चादरींच्या थप्प्या लावत होता. गिऱ्हाईक नव्हतं. बायको भर दुपारी दुकानात आलेली बघून तो बावरला.

"गंगव्वा कशानं गेली?" तिने विचारलं.

त्याने हातातल्या चादरीची घडी घातली, मोडली आणि पुन्हा घातली. "काविळीनं," तो म्हणाला. पण वर बघितलं नाही.

"मी काढा घेऊ का?"

"अव्वा सांगती ते आपल्या भल्याचंच असतंय की." त्याचा आवाज इतका बारीक झाला होता की तिला त्याचाही आधार वाटेना. हा माणूस आपल्याला मारणार नाही, पण वाचवणारही नाही, हे तिला तिथे उभ्या उभ्या कळलं. अक्कलकोटला माहेरी जावं, तर वडील तिसऱ्या दिवशी आणून सोडतील. आणि दोन मुली? त्या इथेच राहिल्या तर?

चालत परत येताना तिने ठरवलं, नाही म्हणायचं नाही. नाही म्हटलं तर आमटीत घालतील, ताकात घालतील.

संध्याकाळी ती आपणहून सासूजवळ बसली. "अत्ती, मला पोट मोकळं करून टाकायचंय," ती म्हणाली. "पण काढ्यानं नको. सात रस्त्याला डाक्टरीणबाईचा दवाखाना हाय. सरकारनं कायदाच केलाय आता, उजळमाथ्यानं करून देतात. घरात माझं कायबाय झालं, तर तिसऱ्यांदा कोण पोरगी देईल तुमच्या लेकाला?"

निंगव्वा तिच्याकडे बघत राहिली.

"शहाणी हाईस," निंगव्वा शेवटी म्हणाली. "सोमवारी जाऊ."

तोवर नागम्माने त्या घरात सासूच्या हातचं काही खाल्लं नाही. उलटी होते म्हणायची. पाणी स्वतः नळावर जाऊन प्यायची.

सोमवारी शिवपुत्रसकट तिघं दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, पांढऱ्या पातळातल्या. त्यांनी निंगव्वाचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुम्ही बाहेर बसा. हिला तपासायचंय."

दार लागलं. नागम्मा टेबलाच्या कडेला बसली.

"तुझी मर्जी आहे का?" बाईंनी विचारलं.

दोन दिवस जुळवलेली वाक्यं तिला आठवेनात. दारापलीकडे सासूच्या बांगड्या वाजल्या. आतलं ऐकू जात असेल तर?

"न्हाई," ती ओठांतल्या ओठांत म्हणाली. "पण मी न्हाई म्हणले, असं सांगू नका. घरी काढा ठेवलाय. पैली बायकू, गंगव्वा, त्यानंच गेली."

बाईंनी दाराची कडी नीट लावली. "नाडीवरून मुलगा-मुलगी काही कळत नसतं," त्या म्हणाल्या.

"पोरगी असली तरी मला पायजे."

बाईंनी दार उघडलं. बाहेरच्या बाकावरून निंगव्वा आणि शिवपुत्र उठून उभे राहिले.

"हिला रक्त कमी आहे. हात लावला तर जाईल," बाई म्हणाल्या. "मी करणार नाही. दर महिन्याला हिला इथे आणायचं. आणि घरी काही झाडपाला दिलात आणि हिला काही झालं, तर मी पोलिसांना कळवीन. गंगव्वाचंही सांगेन."

ते नाव ऐकून शिवपुत्र बाकावर मटकन बसला. निंगव्वाचा चेहरा दगडासारखा झाला. परत येताना ती टांग्यात पुढे बसली. घरी आल्यावर चुलीजवळचं काढ्याचं भांडं तिने मोरीत ओतलं, नागम्माच्या देखत.

त्यानंतर कुणी तिला काही दिलं नाही. पण भीती गेली नाही. नागम्मा स्वतः दळायची, स्वतः शिजवायची, मुलींना आपल्या ताटात जेवू घालायची. श्रावणात दवाखान्यात ती बाळंत झाली. मुलगी झाली. वैद्याचं खरं ठरलं म्हणून निंगव्वा गल्लीभर सांगत फिरली, पण नातीला बघायला आली नाही.

घरी आल्यावर एका सकाळी नागम्मा नळावरून परतली, तर पाळणा रिकामा. तिच्या हातातून घागर सुटली. ती मागच्या दारी धावली. न्हाणीत निंगव्वा पाय पसरून बसली होती, पायांवर तान्ही पालथी होती, आणि शेजारी पाण्याने काठोकाठ भरलेलं घंगाळ.

"न्हाऊ घालतीया," निंगव्वा म्हणाली. "अशी बघतीस काय?"

खरंच न्हाऊ घालत होती का, ते नागम्माला तेव्हा कळलं नाही आणि पुढेही कधी कळलं नाही. तिने ओली पोर उचलून छातीशी धरली. पोर रडली, तेव्हा तिच्या जिवात जीव आला.

ती तशीच दुकानात गेली, दोन्ही मुलींना पदर धरायला लावून. "मी त्या घरात परत पाऊल टाकणार न्हाई," ती शिवपुत्रला म्हणाली. "खोली बघा. न्हाईतर मी ह्या तिघींना घेऊन डाक्टरीणबाईच्या दारात बसते, आणि इचारतील त्याला समदं सांगते."

शिवपुत्रने ओल्या पोरीकडे बघितलं. ती काकडत होती. त्याने थप्पीतली वरची चादर काढली, घडी मोडली आणि तिच्याभोवती गुंडाळली.

"गंगव्वाच्या वक्ताला मी दारातच हुतो," तो म्हणाला.

मग त्याने दुकानाला कुलूप लावलं आणि त्यांना घेऊन खोली शोधायला निघाला.