खरी नक्कल

चांदूर रेल्वेच्या तहसील कार्यालयात नक्कल शाखेत मी एकतीस वर्षं काढली. काम एकच. मूळ कागदाची नक्कल करायची, ताडून पाहायची, 'खरी नक्कल' असा शिक्का मारायचा आणि खाली सही करायची. नक्कल आणि तीही खरी, यात काही गंमत आहे हे तेव्हा मला जाणवलं नाही. गंमत कळण्याचा वेगळा भत्ता नव्हता.

निवृत्तीनंतर माणसं देवाकडे वळतात, नाहीतर गुडघ्यांकडे. अमरावतीत घर बांधून झाल्यावर मी घड्याळांकडे वळलो. जुन्या घड्याळांच्या नकला करू लागलो. डायल कुरियरनं मागवायची, मशीन भंगारातल्या घड्याळातून काढायचं, केस म्हणजे बाहेरची पेटी एकाची, काटे दुसऱ्याचे. सगळं जुळलं की साठ सालचं घड्याळ दोन हजार सोळा साली जन्माला यायचं. मग त्याला म्हातारं करायचं. डायल कोऱ्या चहात बुडवून पिवळी करायची, केस जुन्या पँटच्या कापडानं घासून कडा झिजवायच्या. विकायचं नाही. कपाटात ओळीनं मांडायची आणि प्रत्येकात वेगळे किती वाजले ते पाहायचं.

"लोकं जुन्याचं नवं करतात," माझी बायको वच्छला म्हणायची. "हे नव्याचं जुनं करून राहिले. माह्यावर मेहनत नका घेऊ बाप्पा, मी आपली आपणच होऊन राहिली."

हा उद्योग मला शिकवला अकोल्याच्या नबीभाईनं. ताजनापेठेत त्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, वडिलांपासूनचं. वच्छलाचं माहेर त्याच गल्लीत, म्हणून ती त्याची ताई आणि मी आयता पाहुणा. त्याचा पहिला धडा असा की घड्याळ उघडणारा कारागीर मागच्या झाकणाला आतून सुईनं आपली निशाणी आणि तारीख कोरतो. घालणाऱ्याला ती दिसत नाही. पुढे जो उघडेल त्याला दिसते.

"घडीची जन्मपत्री हाय हे, खुशालभाऊ," तो म्हणाला. "तुमी बी कोरत जा."

मी कधी कोरलं नाही. सह्या करून करून हात विटला होता.

वच्छला मॅट्रिक झाली तेव्हा तिच्या वडिलांनी नबीभाईच्या वडिलांकडूनच तिला चावीचं छोटं घड्याळ घेऊन दिलं होतं. तिचे वडील त्यानंतर चार महिन्यांनी गेले. ते घड्याळ फक्त अंघोळीला आणि भांडणाला तिच्या हातातून उतरायचं. २०१७च्या मार्चमध्ये तिच्या भावाचं, वामनरावांचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. ती पंधरा दिवस अकोल्याला गेली आणि दवाखान्यात हरपू नये म्हणून घड्याळ घरी ठेवून गेली. नवशिक्याच्या घरी घड्याळ सुरक्षित राहील, असं तिला वाटलं.

मला वाटलं, डायल स्वच्छ करून ठेवू, आल्यावर खूश होईल. डायल औषधाच्या पाण्यात बुडवली. आकडे आधी सैल झाले, मग एकेक करून उतरले. बारा सगळ्यात शेवटी गेला. मी घाबरलो आणि घाईत चिमटा मशीनमध्ये घातला. आतली केसाएवढी बारीक स्प्रिंग वाकडी होऊन चिमट्याला लटकत बाहेर आली.

पुढचे तेरा दिवस मी नक्कल केली. तशीच डायल, तसेच काटे, तशीच केस मिळवली. तिच्या केसवर सहाच्या खाली एक खरचटा होता, तोही नकलेवर सुईनं ओढला. असं काम मी आयुष्यात पुन्हा केलं नाही. मूळ घड्याळाचे अवशेष गोळ्यांच्या डबीत घालून कपाटाच्या मागे लपवले.

ती आली, घड्याळ हातात बांधलं, कानाशी नेलं.

"साफ केलं वाटते?"

"वरून वरून," मी म्हणालो.

"बरं."

झालं. पचलं. पण चोराला झोप लागते, नक्कल करणाऱ्याला लागत नाही. तिनं नुसतं किती वाजले असं म्हटलं तरी मी उठून दुसऱ्या खोलीत जायचो. पुढे तिची बोटं आखडली, तेव्हा रोज सकाळी चावी द्यायचं काम माझ्याकडे आलं. मी मान खाली घालून चावी द्यायचो. दर दिवाळीच्या साफसफाईत ती म्हणायची, "अवो, एखाद्यावेळी आतून उघडून पाहा न. किती वर्सं झाले."

"चालत्या घड्याळाला हात लावू नये."

"लावूनच पाहा."

"उगाच काय ते."

"ऱ्हाऊ द्या मंग." आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहायची. घरातली सगळी घड्याळं मी शंभर वेळा उघडली. ते एक उघडलं नाही.

गेल्या डिसेंबरात वच्छला गेली. न्यूमोनिया झाला, नऊ दिवस दवाखान्यात होती. ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी घड्याळ बंद पडलं. त्यात कोणी अर्थ शोधू नये. चावी दिली नाही की चावीचं घड्याळ बंद पडतं.

फेब्रुवारीत मुलीचा, आरतीचा फोन आला. ती नांदगाव पेठेच्या एका कापड कारखान्यात ताग्यातले दोष शोधण्याचं काम करते. "बाबा, आईचं घड्याळ मले पाहिजे. आजोबाचं एवढंच राहिलं हाय आपल्याजवळ. साफ करून ठेवा, रविवारी येतो."

पण तेही आजोबांचं नव्हतं. आता लेकीलाही फसवायचं की बायको गेल्यावर तिची फसवणूक लेकीसमोर मांडायची, हे ठरत नव्हतं. गुरुवारी घड्याळ उघडलं. निदान तेल तरी घालावं.

झाकणाच्या आतल्या बाजूला काहीतरी कोरलेलं होतं. मी भिंग लावलं.

'खरी नकल. ८-४-१७.' त्याखाली एक आडवी रेघ. रेघेवर काही नाही.

नकलेत एक क कमी होता. नबीभाई उर्दू शाळेत शिकला आहे.

शुक्रवारी एसटीनं अकोल्याला गेलो. नबीभाई नमाजाहून यायचा होता. घरी त्याच्या बायकोनं, खुर्शीदबीनं, चहा दिला आणि काही न विचारता आत गेली. नबीभाई आला, मी झाकण त्याच्यासमोर ठेवलं. त्यानं ते उचललं नाही.

"उघडली म्हणता," तो म्हणाला.

"हे तुझं अक्षर आहे."

"अक्षर माहं, मजकूर ताईचा." तो खाली बसला. "रामनवमी झाली न, त्याच हप्त्यात आली होती ताई. घडी टेबलावर ठिवली अन् म्हणे, नबीभाऊ, हे कोन व्हय? मी उघडली. आत माह्या अब्बाची निशाणी नाही. म्हटलं ताई, हे आपली नाही."

"मग?"

"मंग काय, ते हासली. म्हणे, मले ठाऊक हाय. घरी आली तं पाव किलो चहापत्ती खतम, अन् साखर जशीच्या तशी. तीन चमचे साखर लागनारा मानूस कोरा चहा कवापासून प्याले लागला? अन् कपाटामांगं ते डबी बी सापडली."

मी हातातला चहाचा कप खाली ठेवला.

"तिला राग नाही आला?"

"डबी सापडली त्या दिवशी लय रडली म्हणे. तुमी बाजारात गेले होते. बापाची निशाणी होती, भाऊ, रडनारच न. पन माह्या समोर नाही रडली. खरचटा दाखवून राहिली होती मले. म्हणे पाहा, हा बी काढला यायनं. बसून काढला असन, भिंग लावून. पंधरा दिवस धड जेवले बी नसतीन."

"मला का नाही सांगितलं?"

"मी तेच म्हटलं. ताई, सरळ सांगून द्या. तं म्हणे नाही, मी सांगतलं तं ते लाजतीन. यायले घड्याय उघडाची लय सवय हाय, आज ना उद्या हेबी उघडतीन. तवा आतमंदी वाचतीन. तुमी शिक्का कोरा, सहीची जागा मोकळी ठेवा, सही ते सोता करतीन." नबीभाईनं टोपी काढून मांडीवर ठेवली. "मंग दोघं हासू म्हणे."

त्यानं झाकण उचललं, रुमालानं पुसलं, माझ्या तळहातावर ठेवलं.

"दर ईदले शिरखुर्मा खाले आली का पहिले हातातून घडी काढे. मी उघडून पाहो. म्हणो, नाही ताई, अजून नाही. तं म्हणे, उघडतीन न, जातात कुठं."

येताना मूर्तिजापूरला एसटी वीस मिनिटं थांबली. सगळे चहाला उतरले. मी उतरलो नाही.

रविवारी आरती आली. मी डबी, घड्याळ आणि झाकण तिच्यासमोर मांडलं आणि सगळं सांगितलं. मध्ये कुठे हसू येईल असं मला वाटलं होतं, कारण गोष्ट तशी हसण्यासारखीच आहे. आरतीनं डबीतली कोरी डायल बोटावर घेतली, खिडकीशी नेली आणि बराच वेळ दोष शोधत असल्यासारखी पाहत राहिली.

"मले कोणतं देता?" तिनं पाठमोरी राहूनच विचारलं.

"मूळ तुझं. दुरुस्त होत नाही ते."

"अन् नक्कल?"

"ती देता येत नाही. सही नाही तिच्यावर."

"करा न मंग."

"अर्जदार गैरहजर आहे," मी म्हणालो. एकतीस वर्षांत अर्जदार समोर नसताना मी सही केली नव्हती.

आरती वळली. तिचे डोळे लाल होते. "बाबा, अर्जदार नसला तं वारसाले देत होते न तुमी? लहानपणी तुमच्या हापिसात बसून पाहिलं हाय मी. बायका येत, नवऱ्याच्या नावाचा कागद घेऊन जात."

देत होतो. नियमात होतं.

मी भिंग डोळ्याला लावलं, सुई घेतली. भिंगाच्या आत पाणी धरलं. ते काढून पुसलं, पुन्हा लावलं, पुन्हा धरलं. शेवटी भिंग बाजूला ठेवलं आणि अंदाजानंच रेघेवर 'खुशाल' असं कोरलं. 'राव' मावलं नाही. खाली तारीख घातली, ८-२-२६, झाकण बसवलं, चावी दिली आणि आरतीच्या मनगटावर घड्याळ बांधलं.

आमच्या कार्यालयात अर्ज आल्यापासून सात दिवसांत नक्कल द्यायचा नियम होता. उशीर झाला तर त्याचं कारण लिहावं लागायचं. मला आठ वर्षं दहा महिने लागले. कारणाच्या रकान्यात काय लिहावं, ते अजून सुचलेलं नाही.