सतराच्या पाढ्यानं फुटलेला फुगा

सालेकस्याच्या आठवडी बाजारात पोरं भजी सोडून एका बाबाभोवती जमली होती. बाबानं चक्क निरोध फुगवून धरला होता. म्हाताऱ्यांनी तोंडं फिरवली होती, डोळे मात्र तिकडेच. बाबा मातेच्या दिव्यातलं तेल त्या फुग्यावर चोळायचा, डोळे मिटून लांबलचक मंत्र म्हणायचा, आणि मंत्र संपता संपता फटाक्!

"देखा? सरकारी रबर माता के आगे टिका क्या? ये तुमको क्या बचाएगा?"

मग झोळीतून ताईत निघायचा. तो बांधला की म्हणे रोग नाही, नको असताना पाळणाही नाही.

मी शाळेत विज्ञान शिकवते. बाबा दिसला की माझं डोकं आधी तापतं, मग चालतं. फुगा फुटला, बरं. पण मंत्र एवढा लांब काऊन? आणि तेल कायले?

तेवढ्यात गर्दीत माझा भाचा उमेंद्र दिसला, गळ्यात ताईत! उन्हाळ्यात त्याचं लग्न झालं. बायको रीता एकोणीस वर्षांची, गोंदियाला नर्सिंग शिकते. शिक्षण होईस्तोवर मूल नको, असं दोघांचं ठरलेलं. आता घरी रीता ताईतावरून भांडत होती, आणि सासू म्हणत होती, एवढाच त्रास आहे तर कॉलेज सोड, मूल होऊ दे. उमेंद्रला बाजूला घेऊन झापलं, तर म्हणे निरोध मागितला की मेडिकलवाला श्यामलाल चारचौघांत मोठ्यानं विचारतो, कोणासाठी रे? बाबा काही विचारत नाही.

पुढच्या बाजारी मी रीताला आणि उमेंद्रला घेऊन गेले. तिनं एक निरोध फुगवून बाबासमोर धरला आणि तेल न लावता मंत्र म्हणायला सांगितलं. बाबानं म्हटला. फुगा जसाच्या तसा. पुन्हा म्हटला, घसा कोरडा पडला, फुगा हलेना. मग रीतानं भजीवाल्या सुमनबाईच्या डब्यातलं तेल घेतलं, दुसऱ्या फुग्यावर चोळत राहिली आणि सतराचा पाढा सुरू केला. पोरं मागून म्हणू लागली. सतराचा संपला, अठराचा लागला, आणि फटाक्!

"तेलानं रबर कमजोर होते," रीता म्हणाली. "त्याले वेळ लागते, म्हणून मंत्र लांब. तेल लावाचं नाही, पाकिटावरची तारीख पाहाची, बस."

मग ती उमेंद्रकडे वळली. "मांगाले लाज वाटली तुमाले. त्या लाजेपाई माहं कॉलेज या ताईताले बांधून टाकलं."

बाबा केव्हाच चादर गुंडाळून पसार झाला होता. उमेंद्रनं ताईत तोडला आणि सरळ श्यामलालच्या दुकानात शिरला. आम्ही मागे. पाकीट मागताच श्यामलाल सवयीनं हसला, "कोणासाठी रे?"

"माह्यासाठी. अन् माह्या बायकोसाठी."

श्यामलालनं हसणं आवरलं आणि पाकीट काढून दिलं.

पोरांनो, कोणी चमत्कार दाखवला तर तोच प्रयोग मंत्राशिवाय करून पाहा. आणि मोठ्या माणसांनो, पोरगं विचारायला आलं की खिदळू नका. तुम्ही हसलात की ते बाबाकडेच जातं.