तांबडं फडकं

सहदेवाने कनवटीची चकमक काढून हरिहरपंतांसमोर ओट्यावर ठेवली, तिच्याशेजारी चिलीम ठेवली आणि तो मागे सरला. पंतांनी दोन्ही वस्तू पाहिल्या, मग त्याच्या पायांकडे पाहिलं.

"वहाणा काढ. खिळे आहेत त्यांना."

"वैशाख हाय, पंत. पाय भाजतील."

"खिळ्याची ठिणगी उडाली तर भाजायला पाय उरायचे नाहीत."

हरिहरपंत कल्याणच्या कचेरीतले कारकून. सुरुंगाची दारू रस्त्याने न्यायची तर कशी न्यायची, याचे नियम सरकारने नुकतेच काढले होते आणि ते शेतकऱ्यांच्या गळी उतरवायचं काम पंतांच्या गळ्यात येऊन पडलं होतं. त्यांनी ते फारच मनावर घेतलं होतं. गाडीत बसायचं नाही, बैलांच्या बाजूने चालायचं. वाटेत कोणाला गाडीत घ्यायचं नाही. गावात थांबायचं नाही. विस्तवाजवळ जायचं नाही आणि विस्तव जवळ येऊ द्यायचा नाही. एवढं सांगून झाल्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने बांबूला तांबडं फडकं बांधलं आणि तो गाडीच्या तोंडाशी उभा केला.

"ह्ये कशाला?"

"लांबून दिसावं म्हणून. लोक बघतील आणि आपणहून बाजूला होतील."

सहदेवाने मान डोलावली. दुसरा इलाज नव्हता. कोनपाड्याच्या त्याच्या शेतात विहिरीचा खड्डा काळ्या खडकावर येऊन अडला होता. पहारी बोथट झाल्या होत्या आणि वडार हात टेकून बसले होते. गाडीतली ती दारूची दोन पिपं पोचल्याशिवाय खडक फुटणार नव्हता, आणि पाऊस पडायच्या आत खडक फुटला नाही तर वर्ष फुकट गेलं. त्याने पिपांवर ओली घोंगडी टाकली आणि बैलांना हळूच हाक दिली.

रेल्वेच्या फाटकाशी इंजिन येताना दिसलं. त्याच्या धुराड्यातून निखाऱ्यांचे कण उडत होते. सहदेवाने बैल मागे रेटले, पुन्हा रेटले, आणि आगगाडी गेल्यावरही बराच वेळ तो रुळांकडे बघत उभा राहिला. पुढे रस्त्यात खडक उघडा पडला होता. तिथे चाकाची लोखंडी धाव करकरली. वाकून तो धावेखाली माती लोटत चालला. असली गाडी हाकण्यापेक्षा दारू डोक्यावरून नेलेली बरी, असं त्याला वाटून गेलं.

स्वतःच्या मरणाची त्याला फारशी भीती वाटत नव्हती. माणूस वाटेत मेला तर एकटा मेला. त्याच्या मनात पुन्हा पुन्हा येत होतं ते वेगळंच. आपण धड घरी पोचलो, गाडी दिसली म्हणून बायको, गोदा, तान्ह्याला कडेवर घेऊन धावत आली, आणि नेमकं तेव्हा काही झालं तर? मरण आपण आपल्या हाताने हाकत घरी नेलं, असं व्हायचं. हा विचार आला की त्याची चाल आपोआप मंदावायची.

मोहने गावाच्या बाजूने जाताना मात्र पंतांचं म्हणणं त्याला पटलं. फडकं बघून माणसं खरंच बाजूला होत होती. एक म्हातारा तर चिलीम मागे लपवून कुंपणाला चिकटला आणि त्याने हात जोडले. एका बाईने पोराच्या तोंडावर पदर टाकला आणि ती घरात शिरली. सरकारचा वचक इतक्या लांब पोचला म्हणायचा! सहदेवाला जरा हायसं वाटलं.

ते हायसं वाटणं उंबरवाडीपर्यंत टिकलं.

उंबरवाडीची घरं रस्त्याला लागून होती आणि घरांपुढे माणसं उभी होती. दारांना निंबाचे डहाळे लावले होते. ते डहाळे पाहिले आणि गावात पटकीची साथ शिरली आहे हे सहदेवाला कळलं. मग पुढचंही कळलं. पटकी आली की गाव जरीमरी देवीचा गाडा काढतं. तांबडं निशाण, बाजूला अनवाणी चालणारा एकटा माणूस, गाडीत कोणी बसायचं नाही, गावात थांबायचं नाही. गाडा सीमेवर आला की त्याची पूजा करायची, गावची पीडा त्यात घालायची आणि पुढच्या गावाच्या सीमेवर ढकलून मोकळं व्हायचं. पंतांनी एकेक नियम सांगून त्याच्या गाडीचा जरीमरीचा गाडा करून ठेवला होता.

घोळक्यातून एक म्हातारी पुढे आली. तिच्या हातात धुपाटणं होतं आणि धुपाटण्यात लालभडक निखारे. मागे बाया होत्या. प्रत्येकीच्या हातात पेटलेलं निरांजन.

"आली गो आये," म्हातारी गाडीला म्हणाली.

"लांब! लांब ऱ्हा, आजे!" सहदेव ओरडला. "ही देवी नाय. माझे बावीचे खडकासाठी सुरुंगाचा माल हाय. विस्तू लागला तं सगलीच मरू."

म्हातारी जराही थांबली नाही.

"गाडा आननारा कदी कबूल करतं का, बाला? मागल्या खेपेला आला त्यो बी सांगत होता, गाड्यात नुसती लाकडा हायेत म्हनून."

"आयची आन, आजे!"

"वरड नको. पूजा करताव नि वाट देताव."

बैल पुढे घालावे तर पुढे माणसं. मागे वळावं तर मागेही माणसं. धुपाटण्यातून धूर निघत होता आणि वारा गाडीच्या दिशेने होता. एक ठिणगी उडाली आणि घोंगडीवर पडून विझली. सहदेवाने ती पाहिली. त्यानंतर आपण काय केलं, हे त्याला पुढे कधी नीटसं सांगता आलं नसतं. त्याची एक मावशी होती, तिच्या अंगात येत असे. तिला पाहिलेलं अंगात कुठेतरी मुरलं असणार. डोकीचं मुंडासं त्याने भिरकावलं, केस मोकळे सोडले, आणि घशातून कधी न निघालेला आवाज निघाला.

"विस्तू नको! मना विस्तू नको! आग झालीय अंगाची. पानी घाला!"

माणसं थबकली.

"विझवा! समदा विझवा, नायतं हितंच बसंन!"

देवी इथेच बसते म्हटल्यावर सगळ्यांची धावपळ उडाली. निरांजनं फुंकली गेली. म्हातारीने धुपाटणं जमिनीवर ठेवलं, एकीने वरून कळशी ओतली आणि निखारे चर्रकन विझले. सहदेव बैलाच्या मानेला धरून घुमत राहिला. तो वाचला होता आणि त्याला रडू येत होतं. लोकांना ते देवीचं रडणं वाटलं.

मग म्हातारीने आपल्या सुनेला, मालनला, पुढे बोलावलं. मालनचे डोळे सुजले होते. तिने ओच्यातून पोराचं अंगडं काढलं, त्यात नारळ आणि हिरव्या बांगड्या बांधल्या आणि ते गाठोडं गाडीत पिपांना टेकवून ठेवलं.

"येकच हाय गो आये," म्हातारी म्हणाली. "कालपासून पोटात पानी ठरं नाय त्याचे. त्याची पीडा घेऊन जा. नेशील ना?"

सहदेवाने मालनकडे पाहिलं. नाही म्हणायला त्याची जीभ उचलली नाही.

"नेते," तो म्हणाला.

"वाटेत टाकू नको, माघारी आनू नको. पुढले गावाला दे."

माणसांनी वाट दिली.

गाव मागे पडलं तसं सहदेवाने केस बांधले. दारूला आता तो भीत नव्हता. तो गाठोड्याकडे बघतही नव्हता, पण ते तिथे आहे हे पाठीला कळत होतं. देवी नसताना देवी म्हणून आपण बोललो, हा अपराध एकीकडे. पण खोट्याने बोलावलेली का होईना, ती आता गाडीत चढली होती. त्या पोराचं मरण त्याने तोंडाने मागून घेतलं होतं. वाटेत टाकलं तर ते माघारी त्या पोरावर उलटणार. आणि उंबरवाडीच्या पुढचं गाव कोनपाडा होतं.

विहिरीच्या खड्ड्यापाशी त्याने बैल सोडले. गोदा घरातून बघतच असणार. ती तान्ह्याला घेऊन बांधावर आलीच.

"थितंच ऱ्हा!" तो ओरडला. "पोराला हिकडं आनू नको!"

"नाय येत गो बाय!" ती हसली. "सरकारची दारू ना ती!"

त्याने पिपं एकट्याने उतरवली, खड्ड्याच्या बाजूला दगडांच्या आडोशाला ठेवली आणि वर ओली माती थापली. वडारांनाही जवळ येऊ दिलं नाही. मग तो गाडीच्या मागे जाऊन उभा राहिला. रिकाम्या गाडीत ते गाठोडं तेवढं राहिलं होतं.

"आता येऊ?" गोदाने विचारलं. पोर तिच्या कडेवरून त्याच्याकडे झेपावत होतं.

"नको."

"आता तं उतरली दारू."

त्याने गाठोड्याकडे पाहिलं. कोनपाड्यानंतर एकच गाव होतं, आणि ते गोदाचं माहेर होतं. तिथे तिची आई होती, भाऊ होते, लग्नात त्याला खांद्यावर घेऊन नाचलेली माणसं होती. पोर हात पसरून ओरडलं. तेव्हा त्याने बैल पुन्हा जुंपले आणि गाडीचं तोंड शेताकडून त्या गावाच्या रस्त्याकडे वळवलं.

"अवो, आयकडं चाललाव?" गोदाचा चेहरा उजळला. "आदी सांगायचा ना! लाडू दिलं असतं बांधून."

"ऱ्हाऊ दे."

"बरं, मंग तिला सांगा, नातू बसाया लागला म्हनून. लय आस हाय तिला. सांगशाल ना?"

"सांगतो," सहदेव म्हणाला.

तो गाडीच्या बाजूने चालू लागला. बैलांना ती वाट पाठ होती.