राणी लहानाची

डोंबिवलीच्या त्या हॉलमध्ये कॅरमच्या स्पर्धेत मी लागोपाठ पाचव्या वर्षी उपांत्यपूर्व फेरीत हरले. समोरची पोरगी आंबिवलीची, अजून कॉलेजात जाणारी. खेळ संपल्यावर तिने मला वाकून नमस्कार केला. आधी हरवायचं आणि वर पाया पडायचं, हा प्रकार मला मुळीच सोसत नाही.

ऑफिसातले प्रभाकर दुसऱ्या दिवशी काय म्हणणार ते मला पाठ होतं. "काय प्रमोदिनीबाई, तुमची गाडी दरवर्षी एकाच स्टेशनात कशी हो बंद पडते?" माणूस वाईट नाही, पण जिभेला हाड नाही.

मी करायचं काय ठेवलं होतं? स्ट्रायकर बदलला. पहाटे उठून नौपाड्यातल्या आमच्या गॅलरीत एकटीने कॅरम मांडून बसले, दोन्ही बाजूंनी मीच खेळले. कट, थंब, रिबाउंड, सगळे फटके हातात बसले. गुरुवारसुद्धा धरून पाहिले. पहिल्या फेऱ्या मी हसत जिंकायचे आणि या एका फेरीशी येऊन गाडं रुतायचं. कपबिप मला नकोच होता. एकदा, फक्त एकदा, ती फेरी ओलांडायची होती. चौतिशी आली होती, लग्नाचं जमलं नव्हतं, नोकरीत बढती नव्हती. आपण कुठेतरी एक पाऊल पुढे गेलो, असं मला स्वतःला सांगायचं होतं.

त्या वर्षी सरोजताई माहेरपणाला आली होती. ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी, जळगावला दिलेली. कॅरम मला तिनेच शिकवला. ती लग्न होऊन गेली तेव्हा मला सगळ्यात आधी जाणवली ती बोर्डापलीकडची रिकामी जागा, आणि ती तशीच राहिली. म्हणून ती माझा सामना बघायला येते म्हणाली, तेव्हा मला हरखून जायला झालं होतं. आणि तिच्या देखत मी हरले.

ठाणे स्टेशनवरून आम्ही घरी चालत निघालो. गोखले रोडवर गर्दी जरा विरळ झाली तशी ताई म्हणाली, "पमे, तू राणीची वाट बघतेस."

"म्हणजे?"

"राणी दोनदा समोर उघडी होती. तू साध्या सोंगट्या घेत बसलीस. मग ती त्या मुलीने घेतली."

"काहीतरी बोलू नकोस. सामना मी खेळले की तू?"

मी म्हटलं खरं. पण माझी पावलं मंदावली, कारण ती खरं बोलत होती. कॅरममधली लाल राणी कुणीही घ्यावी, घेतली की लगेच आपली एक सोंगटी घालून ती कव्हर करावी, की ती आपली. जो आधी घेईल त्याची. जगात सगळीकडे हाच नियम आहे. आमच्या घरात मात्र दुधावरची साय लहानाची, फणसाचा पहिला गरा लहानाचा, आणि राणीही लहानाची. ताई मुद्दाम राणी माझ्या पॉकेटच्या तोंडाशी आणून ठेवायची आणि म्हणायची, "घे, तुझीच आहे." मी शेवटपर्यंत निवांत असायचे. राणी कुठे जात नाही, हे माझ्या बोटांनी लहानपणीच शिकून ठेवलं होतं. पहिल्या फेऱ्यांतल्या कच्च्या मुलींपुढे ते खपायचं. पुढे खपत नव्हतं.

घरी आल्यावर मी चपला काढल्या आणि आधी बोर्ड मांडला. पावडर टाकली. "बस," मी म्हटलं. "आज माझ्याशी खरं खेळ. मला लहान समजू नकोस."

"अगं, आईने पानं घेतलीत."

"घेऊ देत."

ती पदर खोचून बसली. पहिल्या काही हातांतच तिने राणी सवयीने माझ्या पॉकेटकडे ढकलली. मग माझ्याकडे बघून ओशाळं हसली. मी राणीला हात लावला नाही, उगाच हट्टाने. पुन्हा तिची पाळी आली. तिने स्ट्रायकर ठेवला, थोडी थांबली आणि राणी घेतली. लगेच लांबच्या कोपऱ्यातली पांढरी असा काही कट मारून घातली की मी बघतच राहिले. असा हात मी त्या हॉलमध्ये कुणाचा पाहिला नव्हता.

ताईने जाळीत बोटं घालून राणी बाहेर काढली आणि तळहातावर धरून बघत बसली. "इतर सोंगट्यांएवढीच असते गं," ती म्हणाली.

"म्हणजे काय? तू कधी घेतलीच नाहीस?"

"आधी तू लहान होतीस. तिकडे गेले तर पुतणे लहान. मग माझी पोरं झाली." ती हसली. "राहूनच गेलं बघ."

मी माझी पाच वर्षं उराशी घेऊन फिरत होते. या बाईने उभ्या जन्मात एकदाही राणी घेतली नव्हती, आणि हात असा होता. मला तिचा राग आला, आईचा आला, सगळ्यात जास्त माझा आला. आईने आतून पुन्हा हाक मारली. ताईने राणी बोर्डाच्या मधोमध ठेवली आणि वाढायला उठून गेली.

पुढच्या वर्षी उपांत्यपूर्व फेरीत राणी उघडी दिसली तशी मी घेतली. कव्हरही केली. जिंकले. हॉलबाहेर येऊन समोरच्या बूथवरून जळगावला फोन लावला. फोन तिच्या शेजाऱ्यांकडे होता. ती येईपर्यंत मी हातात रिसीव्हर धरून उभी होते.

"ताई, पुढे गेले."

"राणी?"

"घेतली."

"कव्हर?"

"केली."

"मग झालं तर," ती म्हणाली. "आता तुझ्यासाठी राणी सोडायला कुणी नको."

मी हो म्हटलं. खरं तर राणी घेताना माझा हात अडला होता. समोर ती बसलेली असावी आणि तिने "घे, तुझीच आहे" म्हणावं, असं इतकं वाटलं की डोळे पुसून मग नेम धरला. हे तिला सांगायचं होतं, पण सांगितलं नाही. तिच्या मागोमाग आलेल्या पोरांचा कालवा ऐकू येत होता. कॅरमची पावडर कुठे आहे म्हणून पोरं तिला विचारत होती.

"ताई, आज राणी तूही घे," मी म्हटलं. "पोरांसाठी सोडू नकोस."

"बघू," ती म्हणाली.

बघू म्हणजे नाही, हे आमच्या घरात लहानालाही कळतं.