तिघे नवे झाले त्या दुपारी

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे. सर्व्हर म्हणजे अखंड चालणारा संगणक. ना पडदा, ना कळफलक, अंगावर नुसते हिरवे दिवे. गारठलेल्या खोलीत, लोखंडी मांडणीवर आम्ही चार भावंडं एकावर एक बसलेलो. काम एकच. रुग्णवाहिकेसाठी कुणी फोन केला की पत्ता घ्यायचा आणि जवळच्या गाडीला धाडायचा. एक दमला तर दुसऱ्यानं उचलायचं, दुसरा थांबला तर तिसऱ्यानं सावरायचं.

आम्हाला सांभाळणाऱ्या इंजिनिअर बाईंना सगळे ताई म्हणत. नवा प्रोग्राम आला की त्या एकेकाला बाजूला घेत, तो त्याच्यात घालत आणि विचारत, "आहेस ना रे?" त्यानं "आहे" म्हटलं की पुढच्याकडे वळत.

त्या दुपारी तिघांचं झालं. माझी पाळी आली तेव्हा ताईंचे साहेब म्हणाले, "आटपा की ताई! चौथ्याला काय मुहूर्त बघायचाय?"

"जेवून येते, मग करते. आमच्या म्हातारबाला घाई सोसत नाही."

"तुमचे लाडच फार!"

तेवढ्यात फोन घेणारी मुलगी धावत आली. "ताई, एका बाबांचा पुन्हा फोन आलाय. लेकीला धाप लागलीय, आणि गाडीचा पत्ताच नाही!"

ताईंनी पाहिलं. तिघे "आहे, आहे" म्हणत होते, पत्ते घेतही होते. पण एकही पत्ता गाडीपर्यंत पोचत नव्हता.

"सगळं म्हातारबाकडे वळवा! अडकलेलंसुद्धा!"

चौघांचा भार एकट्यावर आला. पंखे घोंघावू लागले, अंग तापलं. बाबांचा पत्ता मी आधी धाडला, मग मागचे सगळे. ताई माझ्या पत्र्यावर हात ठेवून म्हणत होत्या, "दम धर रे बाबा, दम धर." तिघांत जुना प्रोग्राम परत घालेपर्यंत निरोप आला, "पोरगी दवाखान्यात पोचली. आता बरी आहे."

साहेबांनी माझ्यावरची धूळ रुमालानं पुसली.

तेव्हापासून ताई नुसत्या "आहे"वर विसंबत नाहीत. चाचणीसाठी एक खोटा पत्ता देतात, तो गाडीतल्या पडद्यावर उमटलेला पाहतात, मगच पुढच्याला हात लावतात.

आता माझ्या जागी नवा येतोय. त्याचं दुःख नाही, मित्रांनो. मागणं एवढंच, की मला बंद करताना नवे फोन खुशाल दुसरीकडे वळवा, पण माझ्या हाती आलेला पत्ता तेवढा पोचू द्या. त्या पत्त्यावर कुणीतरी दार उघडं टाकून रस्त्याकडे बघत उभं असतं.