मास्तरांचा अर्धा पाव

माझ्या बेकरीतून मास्तर बास्तीद रोज अर्धा लांब पाव नेतात आणि वर फुकटचं प्रवचन देऊन जातात. जन्मभर लॅटिन शिकवलं, आता ऐकणारं कोणी उरलं नाही, म्हणून पावाची रांग वेठीला धरतात.

त्या मंगळवारी 'कोपें'ची पाळी होती. आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा दोस्ताला कोपें म्हणतं. मास्तर सांगू लागले, की लॅटिनमध्ये 'कुम' म्हणजे सोबत, 'पानिस' म्हणजे पाव. ज्याच्यासोबत पाव वाटून खातो तो कोपें. शाळूसोबती, पिण्यातला दोस्त, पोरी लाजत 'माझा कोपें' म्हणतात तो यार, सगळे त्या एका पावातून निघाले म्हणे. रांगेतल्या बायका घड्याळं बघत होत्या.

माझं डोकंच सटकलं. शनिवारी लेओंस प्लंबर गाव सोडून कायमचा लेकीकडे ब्रेस्टला चालला होता. तो आणि मास्तर चाळीस वर्षांपासूनचे दोस्त. सहा वर्षांपूर्वी लेओंसची बायको गेली. तो पेटीला धरून रडत होता, आणि या शहाण्याने सगळ्यांदेखत सांगितलं, की आमच्या भाषेत शवपेटीला जो शब्द आहे, त्याचं मूळ 'मांस खाणारी' असं आहे. तेव्हापासून दोघांत अबोला. आता तो न बोलताच जाणार, या विचाराने मला चार दिवस जेवण जात नव्हतं.

"मास्तर," मी म्हटलं, "तुमच्या पावाचा उरलेला अर्धा कोण नेतं, कधी विचारलंत?"

मास्तरांनी नकारार्थी मान हलवली.

"लेओंस नेतो. सहा वर्षं. भर पावसात समोरच्या बाकावर बसतो आणि तुम्ही गेल्यावर आत येतो. दुसऱ्या पावाचा अर्धा देऊ केला तर नको म्हणतो."

मास्तरांनी चष्मा पुसला. "आणि टोक? तुमच्या पावाचं एक टोक नेहमी करपतं, ते कोणाकडे जातं?"

"त्याच्याकडे. एकदाही कुरकुरला नाही."

मास्तरांनी अख्खा पाव मागितला, कापू नका म्हणाले, आणि तडक बाकाकडे गेले. खिडकीतून मी पाहिलं, दोघं पाव तोडत होते. मास्तरांचं तोंड नुसतं खाण्यासाठी उघडलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

शनिवारी लेओंस गेला. मंगळवारी मास्तर आले, अर्धा म्हणाले. मी कापला. प्रवचन नाही, काही नाही, फळीवरच्या दुसऱ्या अर्ध्याकडे बघत उभे राहिले.

"हा आता कोण नेणार?"

"मी खाते," मी म्हटलं. "पण करपलेलं टोक तुम्ही घ्यायचं."